कॉम्प्युटर ‘फास्ट’ करायचे पैसे भरावेत का?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सचिवांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि त्यानंतर बटाटेवडे आहेत, तेव्हा थेट विषयावर येतो.

हा विषय मी निवडलेला नाही. मागच्या महिन्यात सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर लाल चौकट आली. ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये १२८४ अडचणी सापडल्या आहेत, वर्गणी संपत आली आहे, चौदाशे रुपये भरा.’ खजिनदार म्हणाले, भरून टाकू, मेंटेनन्सचा सगळा हिशेब त्याच मशीनवर आहे. सचिव म्हणाले, आधी विचारू. चौकशी केली तर कळलं की आपल्याच सोसायटीत पाच-सहा घरं असे पैसे दरवर्षी भरतात. सी विंगमधल्या एका आजोबांकडे तर अशी दोन सॉफ्टवेअर होती आणि एक दुसऱ्याला ‘अनावश्यक प्रोग्रॅम’ म्हणून दाखवत होतं! दोन्ही मशीन चालू होताक्षणी सुरू व्हायची, म्हणजे मशीन हलकं करायला आणलेलं सामानच डोक्यावर बसलेलं. पेन्शनमधले पैसे आहेत हो हे.

आता या ‘अडचणी’ म्हणजे काय? आपण एखादी वेबसाइट उघडली की ती आपल्या मशीनवर छोट्या फायली ठेवते. प्रोग्रॅम काढून टाकला तरी त्याच्या काही नोंदी मागे राहतात. हे सॉफ्टवेअर अशी प्रत्येक फाईल, प्रत्येक नोंद एकेक अडचण म्हणून मोजतं. १२८४ हा आकडा तसा तयार होतो.

यातला सगळ्यात गाजलेला भाग म्हणजे ‘रजिस्ट्री साफ करणे’. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सेटिंग्जची भली मोठी वही. त्यातल्या दोन-चारशे जुन्या नोंदी खोडल्या म्हणून वेग वाढत नाही. आपल्या सभासद नोंदवहीत फ्लॅट विकून गेलेल्यांची नावं आहेत, म्हणून लिफ्ट हळू चालते का? उलट चुकीची नोंद खोडली गेली तर प्रोग्रॅम बंद पडतो. असली साधनं वापरायला खुद्द मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही.

दुसरं, ‘रॅम मोकळी करणे’. रॅम रिकामी ठेवण्यासाठी नसतेच. पुन्हा लागेल ते विंडोज मुद्दाम तिथे हाताशी ठेवतं. ते बाहेर काढलं की पुढच्या वेळी परत डिस्कवरून आणावं लागतं, त्यात वेळच जातो.

हा धंदा नवा नाही. १९९५ साली विंडोज ९५ आलं, तेव्हा अमेरिकेत ‘सॉफ्टरॅम ९५’ नावाचं पॅकेज निघालं. मेमरी दुप्पट करतो, असा दावा. लाखांनी खपलं. जाणकारांनी तपासलं तेव्हा कळलं की ते मेमरी वाढवतच नव्हतं, आणि १९९६ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या कंपनीवर कारवाई केली. पुढे २०१९ मध्ये ‘ऑफिस डेपो’ ही दुकानांची साखळी आणि ‘सपोर्ट डॉट कॉम’ यांनी याच कमिशनबरोबरच्या तडजोडीत मिळून साडेतीन कोटी डॉलर भरले. आरोप ऐका. दुकानात कॉम्प्युटर तपासायला दिला की सुरुवातीला ग्राहकाला चार प्रश्न विचारायचे. मशीन हळू झालं आहे का, वगैरे. एका जरी प्रश्नाला ‘हो’ म्हटलं, तरी तपासणीचा निकाल ठरलेला : व्हायरसची लक्षणं आहेत. मग दुरुस्तीचं बिल. मशीन हळू झालं म्हणूनच तर माणूस दुकानात आलेला, तो ‘हो’ म्हणणारच ना! २०२४ मध्येही ‘रेस्टोरो’ आणि ‘रीइमेज’ या कंपन्यांनी अशाच तक्रारीत दोन कोटी साठ लाख डॉलर देण्याचं मान्य केलं.

सगळेच फसवे, असं मी म्हणणार नाही. काही प्रामाणिक आहेत, आणि फालतू फायली काढून डिस्कवर खरोखर जागा करतात. पण तेवढं विंडोज फुकट करतं. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, तिथे ‘स्टोरेज सेन्स’ चालू करा, झालं. शिवाय अशा सॉफ्टवेअरला आपण मशीनचे सगळे अधिकार देतो, ही मला जास्त काळजीची गोष्ट वाटते. ‘सीक्लीनर’ हे या वर्गातलं नावाजलेलं नाव. २०१७ मध्ये हॅकरांनी त्याच्या अधिकृत आवृत्तीतच घातक कोड घुसवला आणि ती आवृत्ती वीस लाखांहून जास्त मशीनवर गेली. लोकांनी कंपनीच्या खऱ्या साइटवरूनच घेतलं होतं बरं का.

मग मशीन हळू का चालतं? आपल्या सोसायटीत मी जेवढी मशीन उघडून पाहिली, त्यात बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण निघालं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. ‘डिस्क’च्या खाली सतत शंभर टक्के दिसत असेल आणि आत जुनी फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असेल, तर ती बदलून एसएसडी बसवा. जुन्या लॅपटॉपला यासारखा दुसरा उपाय नाही. पाच मिनिटं घेणारं मशीन अर्ध्या मिनिटात सुरू झालेलं मी आपल्याच बी विंगमध्ये पाहिलं आहे. ‘मेमरी’ कायम भरलेली असेल आणि रॅम चारच जीबी असेल, तर रॅम वाढवा. आणि त्याच खिडकीत ‘स्टार्टअप’ बघा. मशीनबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम तिथे दिसतात. नको ते बंद करा. याला पैसे लागत नाहीत. धुळीने पंखा कोंदलेला असेल तर तोही साफ करून घ्या, तापलं की मशीन स्वतःच वेग कमी करतं.

चौदाशे रुपये दरवर्षी, असे चार वर्षांचे जोडून बघा आणि मग दुकानात जाऊन एसएसडीची किंमत विचारा. एवढंच म्हणतो.

एक मात्र सॉफ्टवेअरने होणारच नाही. विंडोज १० ची मोफत सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. ती भोकं बुजवायचं काम कुठलंही ‘क्लीनर’ करत नाही. मशीनला विंडोज ११ चालत असेल तर ते घ्या. ते अपडेट फुकट आहे.

ज्यांनी पैसे भरले आहेत त्यांच्यासाठी. नुसतं सॉफ्टवेअर काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही, कार्डावर आपोआप वळती व्हायची परवानगी दिलेली असते ती वेगळी रद्द करावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेचा संदेश येतो. तो ‘जाहिरात असेल’ म्हणून पुसू नका. आणि स्क्रीनवर फोन नंबर देऊन ‘ताबडतोब फोन करा’ म्हणणारी चौकट आली तर फोन करायचा नाही, मशीन बंद करायचं. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर कळवायचं.

आता ऑफिसच्या मशीनचं. कार्यकारिणीने ती वर्गणी भरलेली नाही. मशीनला एसएसडी बसवला. पण ते काम करताना खरी गोष्ट कळली : साफसफाईचे पैसे सोसायटी तीन वर्षं भरत होती, आणि थकबाकीच्या याद्या, पावत्या, शेअर रजिस्टर यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ती डिस्क एखाद्या दिवशी बसली असती तर कुणाचं किती येणं आहे हे विचारत दारोदार फिरावं लागलं असतं, आणि कोण काय सांगेल हे आपण सगळे ओळखून आहोत! (हशा) आता दर शनिवारी एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर निघते. ती डिस्क खजिनदारांच्या घरी, कपाटात.

माझ्याकडे यायचं असेल तर रविवारी दहा ते बारा मी ऑफिसात असतो. लॅपटॉप आणताना चार्जर आणा, आणि पासवर्ड आठवून या. चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपला चिकटवू नका.