धंद्याचा फोन कोणाच्या नावावर?

(पनवेल येथे घरगुती व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आज मला विषय दिला आहे तो इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनचा. घरून धंदा करणाऱ्या बाईने अशी लाइन कशी घ्यायची, काय बघायचं, ते सांगायचं आहे. मी स्वतः नवीन पनवेलला घरून मसाले आणि पोह्याचे पापड विकते, त्यामुळे सांगेन ते वापरलेलं सांगेन. पण आधी एक विचारते. तुमच्यापैकी किती जणींच्या धंद्याचा नंबर स्वतःच्या नावावर आहे? हात वर करा बघू.

हात मोजायला वेळ लागला नाही. फोन आपल्या हातात असतो, पण सिमकार्ड नवऱ्याच्या, दिराच्या नाहीतर मुलाच्या नावावर. "एकदमच घेतली सगळ्यांची," असं आपण म्हणतो. एरवी त्यात बिघडत काही नाही. बिघडतं ते घरात बिघडलं की. आमच्या ओळखीची एक बाई डबे पुरवायची. मारहाण असह्य झाली तेव्हा ती माहेरी निघून आली. नंबर नवऱ्याच्या नावावर होता. त्याने तक्रार देऊन ते सिम बंद केलं आणि त्याच नंबरचं नवं काढलं. तिची गिऱ्हाइकं, बँकेचे निरोप, पैसे घेण्याचं ॲप, सगळं एका दुपारीत त्याच्या खिशात गेलं. तिच्या हाताची चव तिच्याजवळच होती, पण ती कुठे मिळते हे गिऱ्हाइकांना कळायची सोय उरली नाही.

कायद्याने पाहिलं तर नंबर कोणाच्याच मालकीचा नसतो. पण वापरायचा हक्क ज्याच्या नावावर जोडणी त्याचा. पाकिटावर छापलेला, वाण्याच्या वहीत लिहिलेला, सोसायटीच्या फलकावर चिकटवलेला तो नंबर म्हणजे आपण वर्षानुवर्षं राबून मिळवलेली पत आहे. आपल्याकडे हा विचार नवा नाही. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना त्यांच्या स्वतःच्या नावावर बँकेचं कर्ज मिळवून दिलं. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. पुढे शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमातून गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमिनी केल्या. आपल्यातल्या अनेकींकडे जमीन नाही. आपला सातबारा म्हणजे हा नंबर, असं समजा.

आता लाइनकडे वळू. १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं. त्यावरून बोलायला मात्र १ एप्रिल २००२ पर्यंत परवानगीच नव्हती. नंतर परवानगी मिळाली तरी देशातल्या साध्या फोनवर असा कॉल लावता येत नव्हता. ती अडचण २०१८ साली दूर झाली. आता परवानाधारक कंपनीकडून रीतसर नंबर घेतला, की इंटरनेटवरून कोणत्याही फोनशी बोलता येतं.

याचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला आणि सर्वांत सोपा, फायबर जोडणीबरोबर मिळणारा लँडलाइन नंबर. घरात जो डबा बसवतात, त्याच्या मागे बहुधा फोनची खाच असते. तिथे माळ्यावर पडलेला जुना फोनही लागतो. दुसरा मार्ग ॲपचा. काही कंपन्या तोच लँडलाइन नंबर मोबाइलमधल्या ॲपवर वाजवून देतात, म्हणजे बाजारात असतानाही ऑर्डर घेता येते. तिसरा मार्ग बचत गटासारख्यांसाठी. एकच नंबर घ्यायचा आणि आलेला फोन गटातल्या बायकांकडे आळीपाळीने वळवायचा. एकीचं मूल आजारी असलं तर दुसरी उचलते. याला दरमहा पैसे पडतात, म्हणून ऑर्डरी तेवढ्या असतील तरच घ्या.

इंटरनेट किती लागतं? आपलं बोलणं बारीक तुकडे करून पाठवलं जातं आणि पलीकडे जोडलं जातं. एका संभाषणाला साधारण १०० केबीपीएस पुरतं. मुलं ज्या जोडणीवर सिनेमा बघतात, तिला हे काहीच नाही. वेगापेक्षा स्थिरपणा महत्त्वाचा. तुकडे उशिरा पोचले की आवाज तुटतो आणि "अर्धा किलो"चं "किलो" ऐकू येतं. म्हणून महाग योजना घेऊ नका. शेजारणीकडे तीच जोडणी असेल तर तिथून एक फोन लावून बघा.

विजेचं मात्र नीट ऐका. जुन्या तांब्याच्या तारेतून टेलिफोन एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टची वीज यायची, म्हणून घरात अंधार असला तरी फोन वाजायचा. फायबर म्हणजे काच, तिच्यातून वीज येत नाही. वीज गेली की डबा बंद, फोन बंद. पनवेलच्या पावसाळ्यात वीज कशी जाते ते तुम्हाला सांगायला नको. डब्याला पुरेल एवढी छोटी बॅटरी मिळते, ती घ्या. आणि मोबाइल चार्ज करून ठेवा. अडीअडचणीला ११२ लावायला तोच उपयोगी.

आता कागदपत्रं. खरी अडवणूक इथे होते. माझ्याकडे जोडणीसाठी आलेल्या माणसाने पहिला प्रश्न केला, "साहेब कधी असतात?" मी म्हटलं, साहेब नाहीत, अर्ज माझा आहे. मग म्हणाला, वीजबिल साहेबांच्या नावावर आहे. माझ्या आधार कार्डावर याच घराचा पत्ता होता, तो पुढे केला. काम झालं. म्हणून आपल्या आधारवरचा पत्ता आधी तपासा. लग्नाला वीस वर्षं झाली तरी माहेरचाच पत्ता असलेल्या कितीतरी जणी भेटतात. भाड्याचं घर असेल तर पुढचा करार दोघांच्या नावावर करा. १ जुलै २०२० पासून सुरू झालेल्या उद्यम नोंदणीला शुल्क नाही. तीही स्वतःच्या नावावर करा.

कंपनीला दोन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. घर बदललं तर नंबर टिकेल का? योजना बंद केली तर नंबर किती दिवस राखून ठेवाल? मोबाइलचा नंबर कंपनी बदलली तरी कायम ठेवायची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे. लँडलाइनला ती सोय नाही. ज्यांना दर अकरा महिन्यांनी घर बदलावं लागतं, त्यांनी हे आधी विचारात घ्यावं. त्यांना वेगळं मोबाइल सिमही चालेल, फक्त ते स्वतःच्या नावावर हवं.

वेगळ्या नंबरचा आणखी एक फायदा आहे. पाकिटावर बाईचा मोबाइल नंबर छापला की रात्री अकराला "मॅडम, काय करताय?" सुरू होतं. धंद्याच्या व्हॉट्सॲपला लँडलाइन नंबर चालतो. खात्री करायचा आकडा फोन करून सांगतात. मग स्वतःचा मोबाइल कोणालाही द्यायची गरज नाही, आणि संध्याकाळी आठला धंद्याचा फोन बंद करता येतो. दुकानदार शटर ओढतो, आपणही ओढायचं. तरीही कोणी नको म्हटल्यावर पुन्हापुन्हा छळत असेल, तर नोंदी पुसू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली हा गुन्हा आहे. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. फोनवरून पैसे लुबाडले तर लगेच १९३० लावा. आणि विनापरवाना, स्वस्तात नंबर देणाऱ्यांच्या नादी लागू नका.

आता सगळा धंदा एका दिवसात हलवू नका. नवा नंबर आपल्या नावावर घ्या, जुना चालू ठेवा. दोन-तीन महिने पाकिटावर दोन्ही छापा. गिऱ्हाइकांची यादी कागदावर उतरवून घ्या. बँकेत जाऊन खात्याला जोडलेला नंबर बदला. संचार साथी या सरकारी सेवेवर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते कळतं, तेही बघून घ्या.

घरात कुरकुर होईल. "माझ्यावर विश्वास नाही का?" असं विचारतील. त्यांना सांगा, विश्वास आहे, पण काम माझं आहे, तर नावही माझं लागेल. हे एकटीला जड जातं. म्हणून प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत अर्धा तास यासाठी ठेवावा. कोणाचा नंबर कोणाच्या नावावर आहे ते लिहून काढावं आणि जिचा अर्ज भरायचा असेल तिच्याबरोबर दोघींनी जावं. कंपनीच्या कचेरीत तिघी उभ्या राहिल्या, की साहेब कधी असतात असं कोणी विचारत नाही.