कौटुंबिक छायाचित्रांचे जतन आणि डिजिटल रूपांतर
(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



कोणतीही संस्था सुवर्णमहोत्सवाच्या तयारीला लागली की सर्वप्रथम शोध सुरू होतो तो जुन्या छायाचित्रांचा. कोनशिला समारंभाचा फोटो कोणाच्या घरी आहे, पहिल्या कार्यकारिणीचा समूहफोटो कोणी जपून ठेवला आहे, अशी विचारणा होते. पुष्कळ शोधाशोधीनंतर फोटो हाती येतो आणि दुसरा प्रश्न उभा राहतो : दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरे गृहस्थ कोण? सांगू शकणारे बहुधा हयात नसतात. जी कथा संस्थेची, तीच आपल्या प्रत्येक घराची. म्हणून आजचा विषय यंत्रांचा वाटला तरी त्याच्या मुळाशी माणसांची ओळख आहे, हे आरंभीच नमूद करतो.

छायाचित्रणकलेची घोषणा पॅरिस येथे १८३९ साली झाली आणि अवघ्या पंधरा वर्षांत, १८५४ साली, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. तरीही सामान्य कुटुंबाच्या घरात छायाचित्रे शिरली ती विसाव्या शतकात. प्रथम स्टुडिओतील पडद्यासमोर बसून, आणि नंतर आग्फा क्लिकसारख्या साध्या कॅमेऱ्यांमुळे घराच्या अंगणात. आज आपल्या ट्रंकेत, कपाटात, माळ्यावर जे आहे ते मुख्यतः तीन प्रकारचे : कृष्णधवल फोटो, रंगीत फोटो आणि निगेटिव्ह.

यांपैकी सर्वांत आधी कशाची काळजी घ्यावी? बहुतेकांचे उत्तर ‘सर्वांत जुन्याची’ असे असते. ते नेहमीच बरोबर नसते. कृष्णधवल छायाचित्रातील प्रतिमा ही जिलेटिनच्या थरात बसलेल्या चांदीच्या सूक्ष्म कणांची असते. ते नीट धुतलेले असेल आणि कोरडे राहिले असेल, तर शंभर वर्षेही सहज टिकते. रंगीत छायाचित्रातील प्रतिमा मात्र रंगद्रव्यांची असते आणि ती द्रव्ये अंधारात ठेवली तरी हळूहळू उडतात. १९६० ते १९८० च्या दरम्यानचे अनेक रंगीत फोटो तांबूस दिसतात, कारण त्यांतील निळसर छटा आधी विरली. म्हणजे आजोबांच्या लग्नाचा फोटो शाबूत राहील आणि वडिलांच्या लग्नाचा नाहीसा होईल, अशी विचित्र स्थिती आहे. तेव्हा डिजिटल रूपांतर करताना जुन्या रंगीत फोटोंना अग्रक्रम द्यावा.

निगेटिव्हच्या पिशव्या उघडताना वास घ्यावा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा अॅसिटेटचा आधार कुजू लागला आहे असे समजावे. ही क्रिया एकीवरून दुसरीकडे पसरते, म्हणून अशा निगेटिव्ह ताबडतोब वेगळ्या करून आधी स्कॅन कराव्यात. १९५० च्या सुमारापर्यंतच्या काही फिल्म नायट्रेटच्या असत. त्या अतिशय ज्वालाग्राही असतात. चिकट झालेल्या, पिवळ्या-तपकिरी पडलेल्या फार जुन्या फिल्म आढळल्यास त्या बंद ट्रंकेत किंवा उन्हात ठेवू नयेत. जाणकाराचा सल्ला घ्यावा.

आता कामाचा क्रम. माझे आग्रहाचे सांगणे असे की, स्कॅनर विकत घेण्यापूर्वी घरातील ज्येष्ठांजवळ बसावे. फोटो पुढील वर्षीही स्कॅन होईल. ऐंशी-नव्वद वर्षांच्या आत्याबाईंची स्मृती पुढील वर्षी असेलच असे नाही. त्यांना एकेक फोटो दाखवावा, बोलू द्यावे आणि मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून ठेवावे. प्रत्येक फोटोला क्रमांक देऊन एका वहीत लिहावे : वर्ष, ठिकाण, प्रसंग, डावीकडून उजवीकडे नावे, माहिती कोणी सांगितली आणि मूळ फोटो कोणाकडे आहे. वर्ष नक्की नसेल तर ‘अंदाजे’ हा शब्द जरूर लिहावा.

येथे भगिनींच्या संदर्भात एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्याकडील जुन्या नोंदींत पुरुषांची पूर्ण नावे असतात आणि स्त्रियांची नोंद ‘अमक्यांच्या सौभाग्यवती’ एवढीच. विवाहानंतर नाव बदलण्याच्या रीतीमुळे एकाच स्त्रीची लहानपणीची आणि सासरची छायाचित्रे दोन निराळ्या व्यक्तींची वाटू लागतात. म्हणून प्रत्येकीचे माहेरचे नाव आणि सासरचे नाव, दोन्ही लिहावे. ही माहिती आजच लिहिली नाही, तर पुढे ती कोणत्याही यंत्रातून मिळणार नाही.

फोटोच्या मागे लिहायचे असल्यास मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढील बाजूस उमटतो आणि शाई पसरते. मागे आधीच काही लिहिलेले असेल किंवा स्टुडिओचा शिक्का असेल, तर मागील बाजूचेही स्कॅन करावे. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने किंवा हवेच्या रबरी फुग्याने झाडावी. ओले फडके, काचेचा स्प्रे, तोंडाची फुंकर, यांपैकी काहीही नको.

आता साधनांकडे वळतो. स्कॅनर घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, त्याची रचना. पातळ, स्वस्त स्कॅनर बहुधा ‘सीआयएस’ पद्धतीचे असतात. काचेला अगदी चिकटलेला कागद त्यांत उत्तम येतो, पण वाकलेला फोटो किंवा जाड अल्बमचे पान अस्पष्ट येते. ‘सीसीडी’ पद्धतीच्या स्कॅनरमध्ये ही अडचण कमी असते. निगेटिव्ह स्कॅन करायच्या असतील, तर झाकणात दिवा असलेला स्कॅनरच हवा. दुसरी गोष्ट, क्षमतेचा आकडा. जाहिरातीतील मोठा आकडा पुष्कळदा सॉफ्टवेअरने फुगवलेला असतो; पाहायचा तो ‘ऑप्टिकल’ आकडा.

किती सूक्ष्मतेने स्कॅन करावे? सर्वसाधारण फोटोसाठी इंचाला ६०० बिंदू पुरेसे आहेत. ४ × ६ इंचांच्या फोटोतून २४०० × ३६०० म्हणजे सुमारे ८६ लाख बिंदू मिळतात. ‘टिफ’ स्वरूपात ही फाईल सुमारे २६ मेगाबाईटची होते. अशा एक हजार फोटोंना सुमारे २६ गिगाबाईट जागा लागते, जी आजच्या साध्या हार्ड डिस्कवर नगण्य आहे. पासपोर्ट आकाराच्या चिमुकल्या फोटोंना १२०० ठेवावे. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हची चौकट मात्र अवघी ३६ × २४ मिलिमीटर असते. तेथे ६०० ने काहीच साधत नाही. ३२०० ठेवल्यास सुमारे १ कोटी ३७ लाख बिंदू मिळतात. कृष्णधवल फोटोही रंगीत पद्धतीनेच स्कॅन करावा, म्हणजे त्याची मूळ तपकिरी छटा टिकते. मूळ प्रत ‘टिफ’मध्ये आणि वापरायची प्रत ‘जेपेग’मध्ये असावी, कारण ‘जेपेग’ फाईल बदल करून पुन्हा साठवली की दर वेळी तिचा थोडा तपशील गळतो.

काही स्कॅनरमध्ये अवरक्त किरणांनी धूळ-ओरखडे ओळखून पुसण्याची सोय असते. रंगीत निगेटिव्हवर ती उपयुक्त आहे. कृष्णधवल निगेटिव्हवर ती बंद ठेवावी. तेथे चांदीच ते किरण अडवते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजते.

स्कॅनर नसेल, तरी ज्यांच्याकडे चांगला कॅमेरा आहे त्यांचे काम अडत नाही. २ कोटी ४० लाख बिंदूंच्या कॅमेऱ्याने ४ × ६ इंचांचा फोटो पूर्ण चौकटभर टिपला, तर इंचाला सुमारे एक हजार बिंदू पडतात. भिंग शक्यतो मॅक्रो असावे; झूम भिंगाच्या रुंद टोकाला सरळ रेषा वाकतात. कॅमेरा ट्रायपॉडवर खाली तोंड करून बसवावा, आयएसओ १००, छिद्र एफ/८ ठेवावे आणि बटणाचा धक्का टाळण्यासाठी सेल्फ-टायमर वापरावा. कॅमेरा आणि फोटो समांतर आहेत की नाहीत, हे पाहण्याची सोपी युक्ती म्हणजे फोटोच्या जागी लहान आरसा ठेवावा. आरशातील भिंगाचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यभागी दिसले की जुळणी झाली. प्रकाशासाठी दोन सारखे दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर ठेवावेत, खोलीतील इतर दिवे बंद करावेत. फ्लॅश मुळीच नको.

केवळ मोबाईल असेल तर खिडकीजवळ, थेट ऊन नसलेल्या उजेडात फोटो सपाट ठेवून मुख्य भिंगाने टिपावा. ‘वाइड’ भिंग व चेहरा उजळवणारी सोय बंद ठेवावी. हे काम स्कॅनरच्या तोडीचे नसेल, पण काहीच नसण्यापेक्षा ते केव्हाही श्रेयस्कर.

भिंतीवरील चौकटीतल्या फोटोंविषयी विशेष दक्षता हवी. ओलाव्याने फोटो काचेला चिकटला असेल, तर तो ओढून काढू नये. जिलेटिनचा थर काचेवरच राहतो. काचेसकट छायाचित्र घ्यावे आणि कॅमेऱ्यामागे काळे कापड धरावे, म्हणजे प्रतिबिंब पडत नाही. तीच गोष्ट चिकट पानांच्या प्लास्टिक अल्बमची. आधी पूर्ण पानाचे छायाचित्र घ्यावे, कारण फोटोंचा क्रम हीदेखील माहितीच असते. मग दात साफ करण्याचा बारीक दोरा फोटोखालून हळूहळू सरकवावा. सुटत नसेल तर हट्ट करू नये.

आपल्याकडे पावसाळा आणि पूर हे मोठे शत्रू आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर परिसरात घरेच्या घरे पाण्याखाली गेली. भिजलेले फोटो एकमेकांवर तसेच वाळू दिले तर त्यांची वीट होते. ते स्वच्छ थंड पाण्यात ठेवून एकेक अलगद सुटे करावेत, चित्राची बाजू न पुसता वर ठेवून सावलीत वाळवावेत. चौकटीतील फोटो ओला असतानाच काचेपासून सोडवावा. दोन दिवसांत काम उरकणे शक्य नसेल, तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावेत. बुरशी थांबते आणि अवधी मिळतो.

फाईलना नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग प्रसंग व क्रमांक असा क्रम ठेवावा, म्हणजे संगणक आपोआप कालानुक्रम लावतो. जतनासाठी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम लक्षात ठेवावा : तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या गावच्या बहिणीकडे किंवा क्लाउडवर. एकाच सेवेवर विसंबू नये. गूगल फोटोजने अमर्याद विनामूल्य साठवण १ जून २०२१ पासून बंद केली, हे उदाहरण समोर आहे. २००० च्या दशकात ज्यांनी सर्व काही सीडीवर ठेवले, त्यांनी ते आताच उतरवून घ्यावे. नव्या संगणकांत सीडी घालण्याची जागाच बहुधा नसते. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र लहान होते. नातेवाइकांकडून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावे.

एक इशारा देणे माझे कर्तव्य समजतो. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पुसट चेहरा क्षणात ठळक होतो, कृष्णधवल फोटो रंगीत होतो. पाहताना आनंद वाटतो. परंतु पणजीचा शालू कोणत्या रंगाचा होता हे यंत्राला ठाऊक नसते. ते अंदाजाने रंग भरते. पुसट डोळ्यांच्या जागी ते जे डोळे काढते, ते पणजीचे नसतात. अशी प्रत हौसेने जरूर करावी, पण तिच्यावर ‘रंगवलेली प्रत’ असे स्पष्ट लिहावे आणि मूळ स्कॅनला हात लावू नये. दोन पिढ्यांनंतर तीच प्रत खरी मानली गेली, तर जतनाच्या नावाखाली आपण पूर्वजांचा चेहराच बदललेला असेल.

डिजिटल रूपांतर झाले म्हणून मूळ फोटो टाकून देऊ नयेत. ते आम्लरहित कागदाच्या पाकिटात, घराच्या मधल्या खोलीतील कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावेत. माळ्यावर उष्णता असते, तळाशी ओल. भिंतीवर लावायची ती प्रत. मूळ फोटो पेटीत असावा.

उपस्थितांना माझी एक नम्र विनंती आहे. साऱ्या ट्रंका एकदम उघडू नका. काम अर्धवट राहते. येत्या रविवारी केवळ दहा फोटो निवडा, घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीला मधोमध बसवा, नातवंडांपैकी एकाच्या हाती वही द्या आणि नावे लिहून काढा. स्कॅनिंग त्यानंतर कोणीही करू शकेल.