‘छान जमलंय’च्या पुढे

संमेलनाच्या स्वागताध्यक्षाने भोजनाची व्यवस्था सांगून खाली बसावे, असा संकेत आहे. तो आज थोडा मोडतो.

दुसऱ्याच्या लेखनाविषयी आपण बहुधा दोनच सुरांत बोलतो. तोंडावर ‘छान जमलंय’, पाठ फिरली की ‘टाकाऊ’. दोन्हींसाठी लेखन वाचावे लागत नाही, ही त्यांतली सोय. ‘निबंधमाला’ या आपल्या मासिकात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी लोकहितवादींवर ओढलेल्या कोरड्यांचे, त्यातल्या भाषेसाठी, आजही कौतुक होते. पण ज्यांवर ते तुटून पडले ती लोकहितवादींची शतपत्रे १८४८ ते १८५० मधली आणि ‘निबंधमाला’ सुरू झाली १८७४ साली. लोकहितवादींना त्या टीकेतून एक ओळही सुधारता येणार नव्हती, आणि चिपळूणकरांचा तो हेतूही नसावा. याउलट ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा छापण्याआधी लेखकाला पत्र लिहीत, कुठे खटकते ते सांगत आणि पुनर्लेखन सुचवत. लेखकाच्या हाती अजून काही करण्यासारखे असते, तेव्हाच बोललेले कामाला येते.

यावर कुणी म्हणेल, याच संपादकी कात्रीला विटून १९६९ साली छोटी, बंडखोर लघुअनियतकालिके काढणाऱ्या तरुणांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली ना? केली, आणि त्यांची तक्रार पोकळ नव्हती. एका अभिरुचीचा साचा झाला की निराळी भाषा दाराबाहेरच राहते. पण दोष साच्याचा होता. बारकाईने वाचण्याचा नव्हे. म्हणून वाचणाऱ्याने ‘इथे मी अडखळलो, हे पात्र मध्येच कुठे गेले?’ एवढे सांगावे, आणि वाक्य कसे बदलायचे ते लेखकावर सोडावे. जमलेले कुठे आहे तेही बोट ठेवून दाखवावे. नाहीतर पुढच्या खर्ड्यात लेखक नेमके तेच काढून टाकतो. नवा लेखक खचेल, ही भीती मला फारशी पटत नाही. खोट्या कौतुकाच्या भरवशावर पदरचे पैसे घालून पुस्तक काढायचे आणि गठ्ठे माळ्यावर चढवायचे, त्यात माणूस जास्त खचतो.

दुपारच्या सत्रात नवलेखकांची हस्तलिखिते आपल्या हाती येतील, सोबत पेन्सिलही मिळेल. समासात ‘छान’ लिहावेसे वाटले तर जरूर लिहा. फक्त कोणती ओळ छान, तिच्याखाली रेघ ओढा.