देखाव्याची किंमत



राजपुरीच्या धक्क्यावर उभें राहिलें कीं समोर जंजिऱ्याचा तट दिसतो. मुरुडच्या पुळणीवरून पाहिलें तर समुद्रांत पद्मदुर्ग दिसतो. हे देखावे कोणासहि फुकट पाहतां येतात. मग त्यांच्या छायाचित्रासाठीं पैसे कां मोजावे, असें माझ्या मुरुडच्या घरीं येणारे पाहुणे विचारतात. प्रश्न रास्त आहे. आणि स्वतंत्रपणें छायाचित्रें विकून पोट भरूं पाहणाऱ्यास त्याचें उत्तर देतां आलेंच पाहिजे.

हा व्यवहार आपल्याकडे नवा नाहीं. १८५४ सालीं मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था निघाली आणि १८५६ पासून जॉन्सन व हेंडरसन यांनीं मूळ छायाचित्रें चिकटवलेला मासिक संग्रह काढला. तेव्हां प्रत्येक प्रत उन्हांत ठेवून हातानें छापावी लागे. म्हणून प्रती थोड्याच निघत. आज यंत्रावर हव्या तितक्या निघतात. तेव्हां दुर्मिळपणा आतां कागदांत उरला नाहीं. तो कलावंताच्या शब्दांत आहे. ‘या चित्राच्या दहाच प्रती’ असें जाहीर करावयाचें, प्रत्येकीवर क्रमांक व सही घालावयाची, आणि अकरावी काढावयाची नाहीं. आंद्रेआस गुर्स्की या जर्मन छायाचित्रकाराच्या १९९९ सालच्या ऱ्हाइन नदीच्या देखाव्याच्या प्रती सहाच. त्यांतील एक २०११ सालीं न्यूयॉर्कच्या लिलावांत ४३ लाख डॉलरांहून अधिक किंमतीस गेली.

प्रत टिकाऊहि हवी. किनाऱ्यावरील दमट हवेंत कागदास बुरशी येते व तो काचेस चिकटतो; म्हणून आम्लरहित सुती कागद, आणि कागद व काच यांच्यामध्यें पुठ्ठ्याची चौकट हवी. शिवाय, प्रत विकल्यानें पुनर्मुद्रणाचा हक्क विकला जात नाहीं; १९५७ च्या कायद्याप्रमाणें त्यास लेखी करार लागतो. मात्र मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून छायाचित्र काढलें, तर वेगळा करार नसल्यास हक्क सांगणाऱ्याचा होतो, हें नवख्यांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां माझी गोष्ट. शेजारच्या नारळी-पोफळीच्या वाडीचें पहांटेचें एक चित्र मीं काढलें होतें. विक्रीस दहा प्रती आणि स्वतःसाठीं एक, असें जाहीर केलें होतें. दहाहि गेल्या. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळानें ती वाडी आडवी केली, आणि मग त्याच चित्रास मागण्या येऊं लागल्या. टाळेबंदीमुळें पाहुणे बंद. घरावरचे पत्रे उडालेले. आणखी चार प्रती छापल्या असत्या तर कोणास कळलें नसतें. दोन रात्री मी त्या विचारांत काढल्या. पण दहा घरांच्या भिंतींवर माझा शब्द टांगलेला होता. मीं छापलें नाहीं.

स्वतःची प्रत मात्र वाडीच्या मालकांस नेऊन दिली. त्यांनीं ती पुष्कळ वेळ पाहिली आणि एका माडावर बोट ठेवून ते म्हणाले, “हा आज्यानं लावलेला.”

पाहुण्यांस मी आतां ही गोष्ट सांगतों, आणि मग किंमत सांगतों.