आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी क्षयरोगाची मार्गदर्शिका : आखणी आणि लेखन



क्षयरोगासंबंधी आजवर पुष्कळ पुस्तिका निघाल्या. त्यांतील बहुतेकींची पहिली पाने जंतूच्या शोधाला वाहिलेली असतात. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले, ही वैद्यकाच्या इतिहासातील थोर घटना होय. परंतु सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यातील एखाद्या ओसरीवर उभ्या असलेल्या आशा कार्यकर्तीला त्या क्षणी कॉख आठवून काही उपयोग नसतो. समोरचा माणूस खोकत असतो, घरातील वडीलधारी मंडळी "हा तर बिडीचा खोकला" म्हणून विषय संपवीत असतात, आणि पुढे काय करावयाचे ते तिला तेथल्या तेथे ठरवावयाचे असते. बुलढाणा जिल्ह्यासाठी अशी मार्गदर्शिका लिहावयाची झाल्यास तिची आखणी या ओसरीपासून व्हावयास हवी.

क्षयाचा रोगी पूर्वी आरोग्यधामात महिनोन्महिने ठेवला जात असे. मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासाने ही पद्धत बदलली. औषधे नियमित घेतली तर घरी राहणारा रोगीही आरोग्यधामातील रोग्याप्रमाणेच बरा होतो, आणि त्याच्या घरच्यांचा धोका त्यामुळे वाढत नाही, हा निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी बंगलोर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली, आणि १९६२ पासून जिल्हा हा घटक धरून राष्ट्रीय कार्यक्रमाची उभारणी करण्यात आली. उपचार घरी आला, तशी त्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी गावच्या कर्मचाऱ्यावर आली. लेखी मार्गदर्शनाची खरी गरज तेव्हापासूनची आहे.

या संदर्भात कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्याचा दाखला महत्त्वाचा आहे. डी. बॅनर्जी व एस. अँडरसन यांचा तेथील अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध झाला. खेड्यातील माणूस अज्ञानी असतो, तो दवाखान्यात येत नाही, असा समज त्या काळी रूढ होता. अभ्यासात निराळेच आढळले. बेडक्यात जंतू असलेल्या रोग्यांपैकी सुमारे निम्मे लोक आपण होऊन सरकारी दवाखान्यात जाऊन आले होते, आणि त्यांना बहुधा खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठविण्यात आले होते. दोष रोग्याच्या अज्ञानात होता त्याहून अधिक तो दवाखान्याच्या खिडकीशी होता. मार्गदर्शिका लिहिणाऱ्याने हा दाखला टेबलासमोर टांगून ठेवावा.

यास्तव लेखकाने आरंभी प्रकरणांची नावे मांडण्याच्या भरीस पडू नये. रोगी कोठे कोठे हातचा निसटतो, ती ठिकाणे मांडावीत. बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत तो निसटतो. बेडक्याचा नमुना बरोबर न मिळाल्याने निसटतो. तपासणीचा निकाल आणि पहिली गोळी यांमधल्या दिवसांत निसटतो. दुसऱ्या महिन्यात ताप उतरतो, भूक लागते, माणूस शेतावर जाऊ लागतो आणि औषध थांबवितो, तेव्हा निसटतो. आणि या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर, मजुरीसाठी गाडीत बसतो तेव्हाही निसटतो. मार्गदर्शिकेचे प्रत्येक पान यांपैकी एखाद्या ठिकाणी उभे असावे.

बेडक्याचा नमुना ही वरकरणी क्षुल्लक बाब. पण सर्वांत अधिक जागा तिलाच द्यावी लागेल. 'थुंकीची तपासणी' असा शब्दप्रयोग कागदोपत्री रूढ आहे. रोगी तो शब्दशः घेतो आणि डबीत थुंकतो. तोंडातील लाळ प्रयोगशाळेत जाते, तीत जंतू आढळत नाहीत, 'दोष नाही' असा शेरा येतो, आणि रोग फुप्फुसात तसाच वाढत राहतो. मराठीत थुंकी आणि बेडका हे दोन स्वतंत्र शब्द आहेत, आणि वऱ्हाडात ते कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. 'बेडका' हा शब्द असभ्य वाटतो म्हणून तो टाळणे हे येथे सभ्यतेचे लक्षण ठरत नाही. त्यापुढे कृती सांगावी. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी. उघड्यावर, इतरांपासून दूर उभे राहावे. दोन वेळा खोल श्वास घ्यावा आणि छातीतून खाकरून आलेला बेडका डबीत टाकावा. तो घट्ट, चिकट असावा. पाण्यासारखा पातळ असल्यास पुन्हा प्रयत्न करावयास सांगावे. डबीचे झाकण घट्ट लावावे. नाव डबीच्या अंगावर लिहावे, झाकणावर लिहू नये. प्रयोगशाळेत अनेक डब्या एकाच वेळी उघडल्या जातात आणि झाकणांची अदलाबदल होते. एवढ्या एका वाक्याने एका माणसाचा रोग दुसऱ्याच्या नावावर चढण्याचे टळते. घरातील सुनेला सर्वांसमोर खाकरणे संकोचाचे वाटते, हेही लिहावे, आणि सेविकेने तिला परसात घेऊन जावे असे सुचवावे.

शब्दांची निवड हा लेखनातील अर्धा भाग होय. कार्यक्रमात पूर्वी 'संशयित रुग्ण' असे म्हणत. आता 'संभाव्य रुग्ण' म्हणतात. बदल लहान आहे, तरी 'संशयित' या शब्दाला पोलीस चौकीचा वास येतो, आणि खोकणाऱ्या माणसाने लपून बसावे असेच तो सुचवितो. फुप्फुसाबाहेरचा क्षय समजावून सांगताना मानेवरील गाठींना लोक गंडमाळ म्हणतात, याची आठवण ठेवावी. सातपुड्याच्या बाजूस कोरकू आणि भिलाला वस्ती आहे. तेथे मराठी छापील वाक्य घरातल्या वृद्धेपर्यंत पोहोचेलच असे नाही. मुख्य सूचना त्या त्या बोलीत कशा म्हणाव्यात, हे तेथल्याच सेविकांना विचारून घ्यावे. शहरात बसून केलेले भाषांतर तेथे चालत नाही.

औषधोपचाराचे पान मात्र थोडक्यात आटोपावे. औषधास दाद देणाऱ्या क्षयासाठी साधारणतः पहिले २ महिने ४ औषधे आणि पुढील ४ महिने ३ औषधे, एकत्रित गोळीच्या रूपात, रोज दिली जातात. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते : प्रौढांत २५ ते ३४ किलोला २, ३५ ते ४९ किलोला ३, ५० ते ६४ किलोला ४. म्हणजे वजनकाटा हे येथे औषधाइतकेच महत्त्वाचे साधन आहे. लघवी नारिंगी होते, ती औषधाने होते व त्यात भय नाही, हे पहिल्याच दिवशी सांगावे. न सांगितल्यास रोगी तिसऱ्या दिवशी रक्त पडते म्हणून गोळी बंद करतो. डोळे पिवळे होणे, दृष्टी मंद होणे, सतत उलट्या होणे, या तक्रारी आल्यास त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे न्यावे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाचे विकार हा नित्याचा चिंतेचा विषय आहे. मूत्रपिंड दुबळे असलेल्यास क्षयाचा धोका अधिक असतो आणि काही औषधांची मात्राही बदलावी लागते. तेव्हा शेगाव, नांदुरा या बाजूच्या प्रतीत "मूत्रपिंडाचा आजार आहे काय?" हा प्रश्न ठळक अक्षरांत असावा. राज्यभर वाटण्यासाठी काढलेल्या पुस्तिकेत तो सहसा मागे पडतो.

दुसरी गोष्ट अशी की, उपचाराचे नियम बदलत असतात. २००९ पूर्वी ३ आठवड्यांचा खोकला आणि ३ नमुने असा नियम होता. त्या वर्षी तो २ आठवडे आणि २ नमुने असा झाला. आठवड्यातून तीनदा द्यावयाची औषधे २०१७ पासून रोज देण्यात येऊ लागली. कार्यक्रमाचे नावही २०२० मध्ये क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम असे झाले. जुनी पुस्तिका कपाटात राहते आणि नवा कर्मचारी तीच वाचतो. यासाठी पाने सुटी, दोऱ्याने ओवलेली असावीत आणि प्रत्येक पानाच्या तळाशी महिना व वर्ष छापावे. वह्या बांधून देण्याचा मोह छापखान्याला असतो, तो आवरावा.

खाजगी वैद्यकांनाही या पुस्तिकेतून वगळू नये. मुकुंद उपळेकर व डी. एस. शेपर्ड यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुंबईच्या झोपडपट्टी भागातील १०० खाजगी डॉक्टरांनी क्षयावर ८० निरनिराळ्या उपचारपद्धती लिहून दिल्याचे आढळले होते. २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद शासनाकडे करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. खामगाव, मलकापूर, चिखली येथील दवाखान्यांत सेविकेने काय विचारावे व काय द्यावे, याचे एक पान हवेच.

जिल्ह्याचे घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन भाग आहेत. हंगाम सरला की दोन्हींकडून माणसे विटभट्ट्यांवर, कारखान्यांवर, मोठ्या शहरांत कामाला जातात. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके मुंबई-नागपूर मार्गावरच आहेत. "कोठे जाणार?" हा प्रश्न उपचार सुरू होण्याच्या दिवशीच विचारावा, निघण्याच्या दिवशी विचारून भागत नाही. निक्षय प्रणालीत रुग्ण दुसऱ्या जिल्ह्याकडे वर्ग करता येतो. तरीही प्रवासापुरत्या गोळ्या, उपचार कार्डाची प्रत आणि मुकादमाचा किंवा नातलगाचा दूरध्वनी क्रमांक या तीन गोष्टी रोग्याच्या पिशवीत पडल्या की नाहीत, हे माणसानेच पाहावयाचे असते.

पंचायतींच्या सदस्यांसाठी आणि शिक्षकांसाठी स्वतंत्र पाने असावीत. क्षयमुक्त पंचायतीचा उपक्रम २०२३ मध्ये सुरू झाला. त्याच्या निकषांत दर हजार लोकसंख्येमागे किमान ३० संभाव्य रुग्णांची तपासणी आणि दर हजारी एकाहून अधिक रुग्ण नसणे, असे दोन्ही आहेत. दुसरा निकष डोळ्यांपुढे ठेवणारी पंचायत रुग्ण लपविण्याच्या मोहात पडू शकते. पहिला निकष त्याला उतारा म्हणून आहे. सदस्यांनी आधी तपासणीचा आकडा विचारावा, रुग्णांचा नंतर. रुग्णाचे नाव ग्रामसभेत घेऊ नये, फलकावर लावू नये. विवाहयोग्य मुलीचे नाव एकदा चावडीवर फुटले तर त्या घराचा पुढचा खोकला कोणाला कळत नाही. शाळेत मुलाला वेगळे बसवू नये. औषध नियमित सुरू झाल्यावर संसर्गाची शक्यता झपाट्याने कमी होते, हे शिक्षकाने पालकांना शांतपणे सांगावे.

आहाराचा उल्लेख एका ओळीत उरकण्याची प्रथा सोडावी. झारखंडात झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रुग्णाच्या घरच्यांना धान्य व डाळ पुरविल्याने त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. निक्षय पोषण योजनेची मदत २०१८ मध्ये दरमहा ५०० रुपये होती, ती नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली. ही रक्कम बँक खात्यात जाते. खाते नाही, आधार जोडलेले नाही, अशा कारणांनी ती अडते. "पौष्टिक आहार घ्यावा" असा उपदेश मजुराच्या घरी करण्याऐवजी खाते कसे उघडावे ते लिहावे. ज्वारी, तूर, शेंगदाणे, अंडी अशी घरात येणारी नावे द्यावीत. फळांच्या टोपलीचे चित्र काढू नये.

मसुदा तयार झाल्यावर तो तज्ज्ञांच्या समितीकडे जाईलच. त्याआधी तो घाटावरच्या एका आणि घाटाखालच्या एका उपकेंद्रात न्यावा. सेविकेने पान वाचावे, मग पुस्तिका मिटून तीच गोष्ट शेजारणीला सांगत आहोत अशा रीतीने सांगावी. जेथे ती अडखळते किंवा वेगळेच सांगते, तेथे वाक्य बदलावे. तिला पुन्हा वाचावयास लावू नये. हे काम वेळखाऊ आहे, आणि वर्षअखेरीस निधी खर्ची टाकण्याच्या घाईत नेमके तेच गाळले जाते.

मुखपृष्ठाच्या आतील बाजूस जागा कोरी सोडावी. तेथे वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकाचा क्रमांक, नमुने कोणत्या दिवशी व कोणत्या गाडीने प्रयोगशाळेत जातात ती वेळ, आणि वैद्यकीय अधिकाऱ्याचे नाव सेविकेने स्वतः लिहावे. ते पेन्सिलीने लिहावे. बदल्या होत असतात.