गेलेला रंग आणि राहिलेलें वस्त्र

लातूर जिल्ह्यांतील उदगीर येथें खादीच्या मागावरून नुकतें उतरलेलें कापड ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस तें पांढरेंशुभ्र नसतें हें ठाऊक असेलच. कापसाची मूळची पिवळसर छटा त्यांत असते. या कापडावर परगांवीं धुलाई-रंगाईचे संस्कार होतात आणि मग नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीकडे त्याचा राष्ट्रध्वज शिवून तयार होतो. केशरी आणि हिरवा हे रंग कापडावर एकसारखे चढावे म्हणून आधीं त्याची मूळची छटा काढून टाकावी लागते. या क्रियेस विरंजन म्हणतात. घरोघरीं तिला ब्लीच हें नांव पडलें आहे. तात्पर्य, ब्लीच हा वस्त्राचा वैरी नव्हे. परंतु कारखान्यांत जें द्रव्य मापानें आणि घड्याळ लावून वापरलें जातें, त्याचाच एक थेंब न्हाणीघरांत अंगावर उडाला कीं घरांत हळहळ सुरू होते.

समजा, नांदेडकडील एका खेड्यांतला मुलगा शिक्षणासाठीं लातुरास येऊन राहिला आहे. गणवेशाचे दोनच जोड. सोयाबीनच्या पट्टीतून राखलेल्या पैशांत आईनें ते शिवून दिलेले. एके सकाळीं वसतिगृहाच्या न्हाणींत फरशीसाठीं ठेवलेलें ब्लीच त्याच्या निळ्या विजारीवर उडतें. पाहतां पाहतां तेथें तांबूस ठिपके उमटतात. मुलगा साबण लावतो, ब्रशानें घासतो. ठिपके जात नाहींत, कापड मात्र विरूं लागतें. इतक्यांत एखादा मित्र सुचवितो, "शौचकूपाचें ॲसिड घाल, त्यानें कसलाही डाग निघतो." ज्या क्षणीं हा सल्ला दिला जातो, त्या क्षणीं प्रश्न विजारीचा राहत नाहीं, तो मुलाच्या प्राणांचा होतो.

कारण असें. ब्लीचमध्यें आम्ल मिसळलें कीं क्लोरीन नांवाचा विषारी वायु मोकळा होतो. २२ एप्रिल १९१५ रोजीं बेल्जममधील ईप्र येथें जर्मन सैन्यानें खंदकांतील सैनिकांवर सोडला तो हाच वायु. लहानशा कोंडलेल्या न्हाणीघरांत त्याची थोडी मात्राही घसा आणि फुप्फुसें भाजून काढते. शौचकूपाचें ॲसिड तर नकोच, पण शिरका किंवा लिंबूही ब्लीचवर पिळूं नये. अमोनिया असलेलें द्रावणही त्यांत मिसळूं नये. त्यापासून निराळा, पण तितकाच घातक वायु निघतो. चुकून असें मिश्रण झालेंच, तर तें निस्तरीत न बसतां तत्काळ मोकळ्या हवेंत यावें. खोकला किंवा धाप थांबत नसेल, तर वैद्यकीय मदत घेण्यास विलंब करूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळणें युक्त होईल. हळदीचा डाग, तेलाचा डाग, शाईचा डाग हे सर्व कापडावर कांहींतरी येऊन बसल्यामुळें होतात. ते निघूं शकतात. ब्लीचचा डाग याच्या नेमका उलट आहे. तेथें कांहीं आलेलें नसतें, तेथून गेलेलें असतें. क्लोरीनच्या या गुणाचा उपयोग कापड पांढरें करण्याकडे प्रथम फ्रेंच रसायनज्ञ बर्थोले यानें १७८५ च्या सुमारास केला आणि १७९९ मध्यें स्कॉटलंडमधील चार्ल्स टेनंट यानें ब्लीचिंग पावडरीचें पेटंट घेतलें. तोंवर युरोपांत कापड आठवडेच्या आठवडे उन्हांत हिरवळीवर पसरून ठेवीत. सूर्याचें काम हें द्रव्य अल्पावधींत करतें, तें रंगाच्या कणांची रचनाच मोडून. मोडलेला रंग घासून परत येत नाहीं. म्हणून या डागास धुणें हा उपायच नव्हे.

उपाय दोन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी म्हणजे चाललेली क्रिया थांबविणें. थेंब उडतांच कपडा भरपूर थंड पाण्याखालीं धरावा. लातुरास हें सांगणें सोपें, करणें कठीण. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पाण्याची रेल्वे ज्या शहरांत आली, तेथील गृहिणीस बादलीचें मोल शिकवावें लागत नाहीं. परंतु याच ठिकाणीं काटकसर अंगाशीं येते. कपड्यांत राहिलेलें ब्लीच वाळतांना अधिक तीव्र होतें आणि सूतच कुजवितें. आज ठिपका दिसतो तेथें पुढें भोंक पडतें. यास्तव डागाची जागा तेवढी धरून दोन-तीन तांबे पाणी ओतावें. नंतर लिटरभर पाण्यांत लहान चमचाभर हायपो विरघळवून त्यांत कपडा थोडा वेळ बुडवावा, ब्लीचचा वास गेला म्हणजे काढावा आणि पुन्हां स्वच्छ पाण्यांतून खळबळावा. पूर्वी छायाचित्रकारांकडे असणारा हा हायपो आज शोभेच्या माशांच्या दुकानांत पाण्यांतला क्लोरीन मारण्यासाठीं मिळतो. तो उरलेलें ब्लीच निकामी करतो. गेलेला रंग मात्र परत देत नाहीं.

तें काम दुसऱ्या पायरीचें, म्हणजे पुन्हां रंग देण्याचें. आधीं कापड कशाचें आहे तें पाहावें. शिवणींतला एक धागा काढून चिमट्यांत धरावा आणि सांभाळून पेटवावा. कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राख पडली तर तें सूत. केस जळल्यासारखा वास आला तर रेशीम किंवा लोकर. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. सुती कापड रंगाऱ्याकडे किंवा घरच्या घरीं पुडीच्या रंगानें रंगवितां येतें. पॉलिएस्टर घरगुती रंग सहसा धरीत नाहीं. सूत आणि पॉलिएस्टर यांच्या मिश्र कापडांत बहुधा सुताचाच रंग उडतो. म्हणून तें डागळतें कमी, पण रंगवितांना अडचण तीच येते. डाग लहान असेल, तर कापडाच्या रंगाची शाई कुंचल्यानें कडेकडून आंत टेकवीत न्यावी. डाग मोठा असेल, तर सबंध वस्त्र अधिक गडद रंगांत बुडवावें. फिकट रंगानें डाग झांकत नाहीं. नाहींतर ठिगळ, कशिदा, खिशाची जागा बदलणें हे शिंप्याचे जुने उपाय आहेतच. काठाजवळ डाग पडलेल्या लुगड्यास एक जास्त काठ लावला, तर तो दोष न दिसतां नक्षीच वाटते.

आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. विंधनविहिरीच्या पाण्यांत लोह असेल, तर पांढऱ्या कपड्यांवर ब्लीच टाकतांच तांबूस-पिवळे डाग उमटतात. तो गंज होय. तेथें आणखी ब्लीच घातल्यानें डाग वाढतो. कपडा पूर्ण धुऊन, ब्लीचचा लेशही नाहीं अशी खात्री झाल्यावरच त्यास लिंबाचा रस लावावा. दुसरी गोष्ट रेशमाची. पैठणीवर किंवा लोकरीच्या शालीवर ब्लीच कधींही वापरूं नये; तें रंगाबरोबर धाग्यासही खातें, आणि त्यास पुढें इलाज नाहीं.

त्या मुलाच्या विजारीचें काय करावें, हा प्रश्न उरतो. ती सुती असेल, तर काळ्या किंवा गर्द निळ्या रंगाच्या एका पुडीनें ती पुन्हां वर्गांत नेण्याजोगी होईल. मिश्र कापडाची असेल, तर आंतल्या शिवणींतला तुकडा काढून शिंपी ठिगळ लावील. दोन्ही प्रकारीं खर्च थोडा आहे. मात्र घाबरून केलेल्या घासाघाशीनें ती कायमची जाते आणि ऐकीव सल्ल्यानें त्याहून मोठी हानि होऊं शकते. म्हणून मुलगा शिकावयास परगांवीं निघतांना त्याच्या ट्रंकेंत सुई-दोऱ्याच्या डबीबरोबर एवढी समजही आईबापांनीं घालावी कीं, ब्लीच आणि ॲसिड एका बादलींत कधींही येऊं देऊं नये. विजार पुन्हां शिवतां येते.