खेळाचे नियम आणि यंत्राचा वेग



धाटावची रासायनिक कारखानदारी ज्यांच्या परिसरात उभी आहे, त्या वरसेकरांना संगणकावरील खेळांच्या अंतरंगातला एक जुना वाद समजावून देण्यास फारसे सायास पडू नयेत. कारण रिॲक्टर एकदा उभारला की वर्षानुवर्षे तोच राहतो, आणि त्यात काय, किती व केव्हा घालावयाचे ते सांगणारे बॅचशीट मात्र मालागणिक बदलते, हे येथे निराळे सांगावयास नको. गेम इंजिनाची रचनाही याच धर्तीची असते. दृश्य रंगविणे, टकरींचे गणित करणे, ध्वनी मिसळणे ही कामे सी++ सारख्या भाषेत लिहून आधीच यंत्रभाषेत उतरविलेली, म्हणजे कंपाइल केलेली असतात. दार केव्हा उघडावे, शत्रूने पाठलाग केव्हा सोडावा, हे नियम मात्र पुष्कळदा स्क्रिप्टमध्ये लिहितात, आणि त्यांची अंमलबजावणी इंजिन खेळ चालू असताना करते. हे नियम असे स्क्रिप्टमध्ये ठेवावेत की तेही कंपाइल करावेत, हाच तो वाद.

सेकंदाला ६० चित्रे उमटवावयाची तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात, आणि त्या मुदतीत हिशेब पुरा न झाल्यास खेळ अडखळतो; म्हणून कंपाइलचे पुरस्कर्ते वेगाचा कैवार घेतात, आणि मूल्यांचे प्रकार (टाइप) जुळत नसल्याची चूक कोड चालण्यापूर्वीच पकडली जाते, हीही जमेची बाजू मांडतात. उलटपक्षी स्क्रिप्टमधील बदल क्षणार्धात पडद्यावर दिसतो, तो करणाऱ्यास सी++ मध्ये पारंगत असावे लागत नाही, आणि एखादी चूक झालीच तर बहुधा सारा खेळ कोसळत नाही.

या वादाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. आयडी सॉफ्टवेअरने १९९६ च्या ‘क्वेक’मध्ये नियम क्वेकसी या स्वतःच्या भाषेत ठेवल्याने हौशी मंडळींना फेरफाराची मुभा मिळाली, १९९७ च्या ‘क्वेक २’मध्ये वेगापायी तेच नियम कंपाइल केलेल्या डीएलएल फाइलींत गेले, पण त्यासरशी प्रत्येक प्रणालीसाठी निराळी फाइल सिद्ध करण्याचा व्याप आणि परक्या फाइलीला आपल्या संगणकात मुक्तद्वार देण्याची जोखीम पदरी आली, म्हणून १९९९ च्या ‘क्वेक ३’ने सी भाषेतील नियम एका आभासी यंत्राच्या संकेतांत उतरवून, ते सुरुवातीस यंत्रभाषेत रूपांतरित करण्याचा मध्यममार्ग स्वीकारला. अनरियल इंजिनाची अनरियलस्क्रिप्ट ही भाषा सी++ हून सुमारे २० पट संथ असल्याचे तिच्या निर्मात्यांनीच नमूद केले होते, तरी ती अनेक वर्षे टिकली, कारण यंत्राचा बहुतेक वेळ नियमांत नव्हे, तर चित्रणात खर्ची पडत असे. २०१४ साली अनरियलच्या चौथ्या इंजिनाने तिला निरोप दिला खरा. परंतु सी++ च्या शेजारी ब्लूप्रिंट ही चित्रमय स्क्रिप्ट तत्काळ येऊन बसली.

याच चौथ्या इंजिनावर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ रचून २०२० साली प्रसिद्ध केला. अशा छोट्या मंडळींना इंजिनाचा अवजड भाग आयताच मिळतो, आणि त्यांच्या हाती निर्णय उरतो तो केवळ आपल्या नियमांपुरता. २०१४ पासून सर्वांना खुले असलेल्या गोडो इंजिनात तर जीडीस्क्रिप्टमध्ये आरंभ करून, जेथे वेग अपुरा पडेल तेवढाच भाग सी++ मध्ये हलविण्याची सोय आहे.

तेव्हा माझा अभिप्राय असा की, जे वारंवार बदलावयाचे ते स्क्रिप्टमध्ये असावे, आणि जे प्रत्येक चित्रागणिक हजारो वेळा चालावयाचे ते कंपाइल करावे. मात्र ही हद्द प्रतिष्ठेवरून किंवा ऐकीव भीतीवरून न आखता, प्रोफायलर लावून, वेळ कोठे जातो हे मोजून आखावी. येथील विद्यार्थ्यांनी एक छोटा खेळ स्क्रिप्टमध्ये पुरा करावा, आणि मोजमापाने मागणी केल्यावाचून सी++ ला हात घालू नये, एवढीच माझी विनंती आहे.